आपल्या निधनाबाबत खुलासा

आर्वी,
दि. २८ नोव्हेंबर १९८२

तीर्थस्वरूप वासुदेवदादा यांच्या चरणी रूपरावाचा दंडवत.

आपली प्रकृती उत्तम असेल, हे वाक्य बावीस वर्षं मी दर पत्रात सवयीने लिहीत आलो. आज तेच लिहिताना हात तीनदा थांबला. आपली प्रकृती उत्तम आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण गेल्या मंगळवारी मी आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी धडधाकट पाहिलं (कुठून पाहिलं ते पुढे सांगतो, ते सांगायलाच हे पत्र आहे). रुख्मावहिनींच्या गुडघ्याला उतार पडला असेल. कापसाचा पहिला वेचा झाला असेल. कोकिळा माहेरी, आपल्याकडेच आहे. तिची खुशाली विचारण्याचा हक्क मला उरला आहे की नाही याचा अंदाज नाही, म्हणून विचारत नाही. आपण होऊन दोन ओळी लिहिल्यात तर वाचीन. इकडे मी बरा आहे. भात रोज करतो. कधी तो मऊ होतो, कधी होत नाही, पण खाल्ला जातो.

दादा, ज्या माणसाने आपल्याला भाद्रपद महिन्यात तुरीच्या वावरात साप चावून मारलं, तो मीच. हे आपल्याला मंगळवारीच कळलं आहे. पण का मारलं, हे त्या दिवशी आपल्या ओसरीवर आलेल्या अण्णाजींना सांगता येण्यासारखं नव्हतं, कारण त्यांना ते ठाऊक नाही. ते मला सांगायचं आहे. वाचून झाल्यावर पत्र चुलीत घातलंत तरी चालेल, फक्त वहिनींच्या हाती देऊ नये. एका बाईने आपल्या जिवंत नवऱ्याच्या मरणाचं सविस्तर वर्णन ऐकल्यावर पुन्हा वाचावं, हे मला बरं वाटत नाही. (एकदा ऐकावं लागलं, याचीच लाज पुरेशी आहे.)

सुरुवात माझ्या खिडकीपासून करावी लागेल. मी एकोणीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसतो. गाडी वेळेवर सुटते की नाही ते ड्रायव्हर जाणे, माझं काम सांगण्याचं. पुलगावची कधी, वर्ध्याची कुठे लागते, मोर्शीची गेली काय, हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हे काम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण एकोणीस वर्षांनी काय होतं की आर्वीत माझा चेहरा कोणाच्या लक्षात राहत नाही आणि खिडकी सगळ्यांच्या लक्षात राहते. मंगळवारच्या बाजारात मी वांगी निवडत असलो की मागून एखादा विचारतो, "नागपूरची कितीची?" राम राम नाही, कसे आहात नाही. मी वांगं हातात धरून वेळ सांगतो आणि तो जातो. कोकिळेच्या मामेबहिणीच्या लग्नात पंगतीत बसलो होतो, तर वाढणाऱ्याने पत्रावळीवर वरण घालता घालता विचारलं, परतीची शेवटची गाडी किती वाजता. मी सांगितली. वरण सांडलं.

ऐंशी सालच्या पावसाळ्यात मला ताप आला आणि मी नऊ दिवस घरी होतो. दहाव्या दिवशी कामावर गेलो. मनात कुठेतरी होतं की कोणीतरी विचारील, इतके दिवस दिसला नाही, बरं नव्हतं काय. पहिल्याच माणसाने खिडकीत तोंड घातलं आणि म्हणाला, "तळेगावची लागली काय?" मी म्हटलं लागली. त्या दिवशी दुपारी डबा खाताना, पोळ्या ज्या कागदात गुंडाळल्या होत्या त्या साप्ताहिकाच्या तुकड्यावर एक चौकोनी जाहिरात वाचली. 'मौजा पिंपळझरी या गावात काही घरे रिकामी आहेत. गाव नकाशावर नाही. राहायला यावे लागत नाही, पत्राने राहता येते. इच्छुकांनी कार्डावर कारण लिहून कळवावे. बंडूजी, निवृत्त चित्रकला शिक्षक, हिंगणघाट.'

हे गाव म्हणजे काय ते नीट सांगतो, नाहीतर आपल्याला वाटेल मी कुठल्या बुवाच्या नादी लागलो. बंडूजी मास्तरांनी निवृत्तीनंतर रंगीत पेन्सिलींनी एका मोठ्या कागदावर अख्खं गाव काढलं. नदी, पार, चावडी, देऊळ, बारा घरं, प्रत्येकाचं वावर. मग एक दोनशे पानी रजिस्टर केलं. ज्याला घर मिळेल त्याने आपलं गावातलं नाव ठरवायचं आणि रजिस्टर आलं की चार पानांत आपली खबरबात लिहायची. कोणाच्या घरी काय झालं, कोणाची गाय व्याली, कोणाशी काय बोलणं झालं. तीन दिवस ठेवायचं आणि पुढच्याला पार्सलने पाठवायचं. कोणाला वेगळं पत्र लिहायचं असेल तर तेही त्यातच ठेवायचं. फेरा पूर्ण व्हायला दोन महिने लागतात. नियम तीनच. खरं नाव लिहायचं नाही, खरं गाव लिहायचं नाही, कोणाचं खरं काय आहे ते विचारायचं नाही.

मी कार्डावर कारण लिहिलं, 'ग्रामीण जीवनाची आवड.' दादा, हे खोटं होतं. वडनेरला येतो तेव्हा संध्याकाळच्या चिलटांनी मी किती वैतागतो हे आपण पाहिलं आहे. खरं कारण तापाचं होतं, पण घरंदाज चेहऱ्याच्या माणसाने कार्डावर असं कसं लिहावं, की मला कोणी विचारत नाही म्हणून मी तुमच्या कागदावर राहायला येतो.

मला पंधरा नंबरचं घर मिळालं (घरं बाराच, पण मास्तरांनी नंबर चारपासून सुरू केले, खरी गावं एकपासून सुरू होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं). मी नाव घेतलं बापूजी. बापूजींना मी तीस एकर ओलिताची जमीन दिली, आठशे संत्र्याची झाडं दिली, अकरा बैल दिले. प्रत्येक बैलाचं नाव, शिंगं, स्वभाव असं सगळं लिहिलं. दोन मजली घर, पितळी कड्यांचा झोपाळा. रात्र पडली की कंदील लावून गडीमाणसं बापूजींच्या ओसरीवर सल्ला विचारायला येतात, असंही लिहिलं. पहिला फेरा गेला. रजिस्टर परत आलं तेव्हा मी पाय धुऊन, चहा करायला सांगून, ते उघडून बसलो. बापूजींबद्दल एकाही घराने एक ओळ लिहिली नव्हती.

दुसऱ्या फेऱ्याला मी चारशे झाडं वाढवली. तरी कोणी काही विचारलं नाही. आणि त्याच फेऱ्यात नऊ नंबरच्या अन्नपूर्णाबाईची म्हैस मेली. अन्नपूर्णाबाई एका खोलीत राहणारी साधी बाई, तिने अर्धंच पान लिहिलं होतं, की म्हैस गेली आणि सकाळी सवयीने मी चरवी घेऊन गोठ्यात गेले. दादा, त्या म्हशीला आठ पत्रं आली. चावडीवाल्या कोतवालाने लिहिलं, मीसुद्धा लिहिलं. लिहिता लिहिता माझे डोळे भरले, आणि पान उलटल्यावर मला तिचा हेवा वाटला. असा माणूस मी आहे, हे आपल्याला ठाऊक असावं.

मग मी एक बैल आजारी पाडला. दोन उत्तरं आली, त्यातल्या एकात औषध होतं. गोठ्याला आग लावली. तीन आली. आणि या वर्षी गणपतीच्या सुमारास रजिस्टर माझ्याकडे आलं तेव्हा मी ठरवलं की आता माणूस लागेल. पण बापूजींच्या घरात माणूसच नव्हता. गडी होते, पण गड्यासाठी गाव किती रडणार. तेव्हा बापूजींचा पाठीराखा, वडील भावासारखा, असा एक माणूस मला आणावा लागला. त्याला नाव सुचेना. तीन दिवसांतले अडीच दिवस गेले होते. मी आपलंच, म्हणजे वासुदेवराव हे नाव लिहिलं. आणि हात त्या ओघातच होता, म्हणून वडनेर हे गावही लिहिलं.

आपण म्हणाल रागाने मारलं. मी चार दिवस याच प्रश्नावर बसलो आहे. मी आपल्याला सोयीने मारलं, रागाने नाही, असं लिहिणार होतो. पण थोडा राग होता. गेल्या उन्हाळ्यात आपल्या ओसरीवर चार माणसांत आपण हसत विचारलं होतं, "जवाईबापू, दिवसभर खिडकीत बसून तुमी करता काय न?" सगळे हसले, मीही हसलो. ते मला लागलं होतं. तेव्हा साप निवडताना मी नाग निवडला, फुरसं चाललं असतं. हेही कबूल करतो.

एक मात्र आपण समजून घ्यावं. आपल्याला मारून झाल्यावर मला आपल्याबद्दल लिहावं लागलं, माणूस कसा होता ते. तिथे मला काही रचता आलं नाही. सगळं खरंच लिहिलं गेलं. त्र्याहत्तर साली मी पोळ्याला आपल्याकडे आलो आणि तापाने फणफणलो, नाल्याला पूर म्हणून गाड्या बंद. आपण बैलगाडी जुंपली, मला आत निजवलं आणि पाच कोस चिखलातून हिंगणघाटपर्यंत आपण स्वतः पायी चाललात, एका हाताने बैलांचा कासरा आणि दुसऱ्या हाताने माझ्यावर छत्री. दवाखान्यात विचारलं कोण लागतो, तर आपण म्हणालात, "लहान भाऊ होय." मी ग्लानीत होतो, पण ते ऐकलं होतं. आपल्याला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला आपल्याला मरावं लागलं, याची लाज वाटते.

त्या मरणाला दहा पत्रं आली. अकरा घरांपैकी दहा. बापूजींनी कसं सावरावं, कोणी यावं काय, रात्री झोप लागते काय. मी ती पत्रं डब्याच्या कागदाखाली लपवून खिडकीत नेली आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात वाचली. दादा, मला फार बरं वाटलं. दिवाळीत कोकिळेला भाऊबीजेसाठी आपल्याकडे पोचवायला आलो, आपल्या समोर बसून चिवडा खाल्ला, तेव्हा दहाच्या दहा पत्रं माझ्या कोटाच्या खिशात होती.

आता मंगळवार. मी कोकिळेला न्यायला म्हणून आर्वीहून पहाटेच्या गाडीने निघालो, वर्ध्याला बदलली, हिंगणघाटला बदलली आणि अकराच्या सुमारास वडनेरला उतरलो. हातात पेढ्यांचा पुडा. आपण म्हणाल हे कसं शक्य आहे, रूपराव आला नव्हता. आलो होतो. आपल्या घराच्या वळणावर एक म्हातारासा माणूस डोक्यावर टोपली घेऊन माझ्यापुढे चालत होता. आपण ओसरीवर सुपारी कातरत बसला होतात. त्याने टोपली उतरवली आणि विचारलं, "वासुदेवरावाचं घर हेच काय जी?"

"हेच. काय काम होतं?"

"काम नाई जी. ते गेले न, भेटाले आलो. तेरवीले येनं झालं नाई, वांग्याचे दिवस होते."

मी तिथून कडब्याच्या गंजीमागे गेलो. पाय आपोआप गेले. पुढचं सगळं मी गंजीमागून ऐकलं.

आपण विचारलं कोण गेले, तो म्हणाला वासुदेवराव. आपण म्हणालात, "मी तं इथंच बसून आहो." त्यावर त्याने आपल्याकडे नीट पाहिलं आणि फार मायेने विचारलं, "तुमी त्यायचे लहान भाऊ काय?" तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या, मागून कोकिळा आली. मग त्या भल्या माणसाने, त्याला खोटं बोलता येत नसावं, सगळं सांगितलं. तो गिरडजवळचा, नाव अण्णाजी, भाजीपाल्याची शेती. पिंपळझरी गावात घर नंबर नऊ. तिथलं नाव अन्नपूर्णा.

दादा, म्हैसवाली अन्नपूर्णाबाई म्हणजे हा पांढऱ्या मिशीचा माणूस. आपण त्याला विचारलं बाईचं नाव काऊन घेतलं, तेव्हा तो काय म्हणाला ते आपण ऐकलंच आहे, पण मला पुन्हा लिहावंसं वाटतं. तो म्हणाला, "बायकोचं नाव होय. तीन वर्सं झाले तिले जाऊन. ती कशी बोले ते भुलून राह्यलो होतो जी. लिवलं का आठवते." मास्तरांना त्याने कारण म्हणून हेच कळवलं होतं, आणि मी ग्रामीण जीवनाची आवड.

मग आपण सुपारी खाली ठेवली आणि म्हणालात, "आता सांगा, मी कायनं गेलो?"

"सापानं जी. तुरीच्या वावरात."

"तूर तं औंदा पेरलीच नाई."

वहिनी रागावल्या. हे अभद्र कोणी लिहिलं, त्याचं नाव सांगा, असं म्हणाल्या, आणि ते रास्तच होतं. अण्णाजींनी खिशातून कागद काढला. त्यांनी बापूजींचं लिहिणं उतरवून घेतलं होतं, म्हणे चांगलं वाटलं म्हणून. त्यांनी ते वाचायला सुरुवात केली. बैलगाडी आली, छत्री आली, लहान भाऊ आलं. त्या वेळी लिहिणारा कोण ते आपल्या लक्षात आलं असणार. आपण म्हणालात, "ते गाडीचं पुन्हा वाचा बरं." त्यांनी पुन्हा वाचलं. वहिनींनीही खाली बसून ऐकलं.

तिथेच बाहेर यावं आणि पायावर पडावं असं माझ्या मनात आलं होतं. एक पाय पुढे टाकलाही. पण तेवढ्यात कोकिळेने विचारलं, हळूच, भाजीचा भाव विचारावा तसं, "आन त्या बापूजीच्या बायकोचं काय लिवलं हाये?"

अण्णाजींनी कागद खालीवर पाहिला, मग आठवून पाहिलं. "नाई बाई. बायको नाई त्याले. दोन वर्सं वाचून राह्यलो मी. अकरा बैल हायेत."

कोकिळा "बरं" म्हणाली आणि आत गेली.

दादा, मी पाय मागे घेतला. आपल्याला मारल्याबद्दल मी माफी मागू शकलो असतो, तयारीही झाली होती. पण हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. मी बापूजींना बायको द्यायची नाही असं ठरवलं नव्हतं. मी विसरलो. दोन वर्षं, बारा फेरे, प्रत्येक वेळी चार पानं, आणि ती पानं लिहिताना कोकिळा समोरच बसून तांदूळ निवडत असे, मध्ये चहा आणून ठेवत असे. बापूजींना चहा मिळत होता, झोपाळ्यावर मिळत होता, असं मी लिहिलं आहे. कोण देत होतं ते लिहिलं नाही. मला कोणी विचारत नाही म्हणून मी ज्या गावात राहायला गेलो, त्या गावात मी तिला एक ओळसुद्धा दिली नाही. ठरवून वगळली असती तर निदान भांडण म्हणून सांगता आलं असतं. विसरलो हे कोणत्या तोंडाने सांगू.

मी गंजीमागून तसाच निघालो आणि दीडच्या गाडीने परतलो. पेढ्यांचा पुडा गंजीवरच राहिला. गाईने खाल्ला नसेल तर घ्यावा.

हे सगळं झालं. आता मोठ्या भावाच्या नात्याने एवढं करावं, की कोकिळेला समजावून लवकर आर्वीला पाठवून द्यावं. मी स्वतः न्यायला आलो असतो, पण आपल्या ओसरीवर चढायचं धैर्य अजून होत नाही. तिला सांगावं की मी पिंपळझरीतून नाव काढून घेतो, पुढच्या रजिस्टरात आपण जिवंत असल्याचं जाहीर करतो, आणि भात मला येत नाही.

वहिनींना साष्टांग नमस्कार. क्षमा मागण्याइतकंही तोंड नसलेला,

आपला रूपराव

ता. क. (दि. ६ डिसेंबर) वरचं पत्र पाकिटात घातलं होतं, पण डिंक लावला नव्हता. आठ दिवस ते खिडकीतल्या खणात आहे. रोज वडनेरकडची डाक निघून जाते आणि मी उद्या म्हणतो. आज बंडूजी मास्तरांचं पाकीट आलं. गावात चौदा नंबरचं घर रिकामं होतं, माझ्या घराच्या भिंतीला लागून. त्यासाठी नवीन अर्ज आला आहे, शेजाऱ्याची हरकत असल्यास कळवावी, असं मास्तर लिहितात. सोबत अर्जाचं मूळ कार्ड. त्यावर शिक्का वडनेर पोस्टाचा (मास्तरांचा पत्ता अण्णाजींनी दिला असणार). अक्षर मी बावीस वर्षं किराण्याच्या चिठ्ठीवर पाहत आलो आहे. ते इथे उतरवतो, आपण पाहिलं नसेल.

'मले भांडायचं आहे. लग्नाले बावीस वर्षं झाली, एकही भांडण शेवटपर्यंत झालं नाही. कधी पोळी करपते, कधी समोरच्याची ड्युटी लागते. गावात भांडकुदळ बाईची जागा खाली असल्यास मिळावी. नाव धुरपता लिहावं. घर लहान चालेल, आवाज जाईल इतकं शेजारी असावं.'

दादा, आमच्या घरात आवाज कधी चढला नाही, हे मी खिडकीत सगळ्यांना अभिमानाने सांगत आलो. म्हणजे कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मास्तरांना कार्ड टाकलं, शेजाऱ्याची हरकत नाही. नाव काढून घेण्याचं आता लिहिलं नाही. चौदा नंबरला शेजारी कोणीतरी असायला हवं.

ता. क. २ (दि. १९ डिसेंबर) पत्र अजून इथेच आहे, रागावू नये. परवा रजिस्टर आलं, वडनेरच्या शिक्क्याचं. नवीन घराला पहिला मान म्हणून मास्तरांनी ते आधी तिकडे पाठवलं होतं. धुरपताबाईंनी चार पानं लिहिली आहेत. सुरुवात अशी, की पंधरा नंबरचे बापूजी यांच्या न्हाणीचं पाणी माझ्या मेथीच्या वाफ्यात येते, याचा बंदोबस्त करावा. अर्धं पान पाणीच आहे. मग पाणी संपतं. हाक मारली तर हं म्हणता, हं म्हणजे होय का नाही ते सांगा. सुटीच्या दिवशी पेपर तोंडापुढे धरता, तो खाली आला की जेवण वाढायचं समजते, बाकी दिवसभर भिंतीशी बोलावं काय. आजारी पडले तेव्हा गोळी आणून देली, बसले मात्र नाही. पोर झालं नाही तेव्हा सारे मले बोलले, तुमी तिथंच होते, तुमी काऊन बोलले नाही. तिथे पेन इतकं दाबलं आहे की मागच्या पानावर उमटलं आहे. चौथं पान शेवटच्या ओळीपर्यंत भरलं आहे आणि वाक्य मध्येच तुटलं आहे, कारण नियमाप्रमाणे चारच पानं.

मी तीन दिवस उत्तर लिहितो आहे. पहिल्या दिवशी न्हाणीच्या पाण्याबद्दल लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्या दिवशी बापूजींना काहीच सुचलं नाही. आज एवढं लिहून पार्सल बांधलं, की 'धुरपताबाई, मी तिथंच होतो आणि बोललो नाही. तुमचं वाक्य अर्धं राहिलं आहे. पुढचं लिहा, मी वाचतो.' पितळी कड्यांचा झोपाळा मी विकल्याचंही लिहिणार होतो, पण मग म्हटलं त्याचं तिला काय.

ता. क. ३ या पत्राबरोबर एक दोनशे पानी कोरी वही पाठवतो आहे. हीच खरी विनंती, दादा, बाकी वरचं सोडून द्यावं. कोकिळेला पाठवण्याची घाई करू नये. तिला समजावूही नये. ही वही तिच्या नजरेस पडेल अशी कुठे तरी ठेवावी, चुलीजवळ नको. कोणी पाठवली ते सांगू नये. एक नवं पेनही पाठवलं असतं (जुन्याचं टोक दाबून दाबून गेलं असेल), पण मग तिला कळलं असतं.